छातीत कोंडलेली हवा आणि पाण्याची बाटली

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या नोंदींनुसार २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीने ‘गोल्डन अवर’ला, म्हणजे गंभीर इजेनंतरच्या पहिल्या तासाला, कायद्याच्या भाषेत स्थान दिले. मे २०२५ मध्ये अपघातग्रस्तांना दीड लाख रुपयांपर्यंत कॅशलेस उपचार देणारी योजनाही देशभर लागू झाली. हा पहिला तास किती मोलाचा असतो, हे आता शासनालाही मान्य आहे. परंतु काही इजा तासाभराची सवड देत नाहीत. बरगडी मोडून तिचे टोक फुप्फुसात घुसावे, फुप्फुसातून गळणारी हवा छातीत कोंडून राहावी आणि तिचा दाब श्वासागणिक वाढत जावा, ही त्यांपैकी एक. वैद्यकात तिला ‘टेन्शन न्यूमोथोरॅक्स’ म्हणतात. उपाय झाला नाही तर माणूस काही मिनिटांत दगावू शकतो. उपाय मात्र विलक्षण साधा आहे: बरगड्यांमधून एक पोकळ सुई आत घालायची आणि कोंडलेल्या हवेला वाट करून द्यायची.

इतका साधा उपाय माणसाला फार पूर्वीच सापडायला हवा होता. पोकळ नळ्या होत्या, धारदार सुऱ्या होत्या, छातीला छिद्र पाडण्याचे धाडसही होते. उणीव होती ती छातीतल्या दाबाच्या आकलनाची. ते आकलन येण्यास दोन शतके लागली आणि त्याची किंमत हजारो प्राणांनी मोजली गेली.

प्रथम छातीची रचना पाहू. फुप्फुस म्हणजे हवेने फुगलेला, पण सतत आक्रसू पाहणारा स्पंज. उलट छातीच्या पिंजऱ्याची ओढ बाहेरच्या दिशेला असते. या दोघांच्या मध्ये फुप्फुसावरणाचे दोन पातळ पदर असतात आणि त्यांच्यामधल्या फटीत द्रवाचा नुसता ओलावा असतो. दोन ओल्या काचा एकमेकींवर ठेवल्या तर त्या सरकतात, पण सहज सुटत नाहीत; हे पदरही तसेच एकमेकांना धरून राहतात. आत ओढणारे फुप्फुस आणि बाहेर ओढणारा पिंजरा यांच्या रस्सीखेचीमुळे या फटीतला दाब बाहेरच्या वातावरणापेक्षा किंचित कमी राहतो. किती कमी? शांत श्वासोच्छ्वासात सुमारे ५ सेंटिमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका. वातावरणाचा पूर्ण दाब १,००० सेंटिमीटरहून अधिक उंचीचा पाण्याचा स्तंभ तोलून धरतो, हे ध्यानात घेतले की ही उणीव किती अल्प आहे ते कळते. त्या अर्ध्या टक्क्यावर आपला प्रत्येक श्वास उभा आहे.

या फटीत हवा शिरली की रस्सीखेच सुटते आणि फुप्फुस मिटते. हा झाला साधा न्यूमोथोरॅक्स. मराठी परिभाषेत त्याला ‘वातवक्ष’ असाही शब्द आहे. एका बाजूचे फुप्फुस मिटले तरी निरोगी माणूस दुसऱ्यावर तग धरू शकतो. संकट उभे राहते ते फुप्फुसाची जखम एकमार्गी झडपेसारखी वागू लागली तर. श्वास घेताना जखमेचे ओठ उघडतात आणि हवा फटीत येते. श्वास सोडताना ते मिटतात आणि हवा अडकते. समजा, प्रत्येक श्वासाला ५० मिलिलिटर हवा अशी अडकली आणि माणूस मिनिटाला २० वेळा श्वास घेत असला, तर मिनिटभरात एक लिटर हवा कोंडली जाईल. ही हवा मिटलेल्या फुप्फुसावर तर दाब देतेच, पण छातीच्या मध्यभागी असलेले हृदय आणि मोठ्या रक्तवाहिन्या यांनाही निरोगी बाजूकडे लोटते.

खरा घात तेथेच होतो. हृदयातून बाहेर पडणाऱ्या धमन्यांतला सर्वोच्च दाब पाण्याच्या सुमारे १६० सेंटिमीटर स्तंभाइतका असतो. हृदयाकडे परतणाऱ्या मोठ्या शिरांमधला दाब मात्र जेमतेम दहा सेंटिमीटरांच्या आत. धमनी दाबून बंद करायला मोठा जोर लागतो, पण शिरेतला प्रवाह रोखायला पेलाभर पाण्याचा दाब पुरतो. परतणारे रक्त अडले की हृदयाकडे पुढे ढकलायला काही उरत नाही, रक्तदाब कोसळतो आणि जीव जातो. मृत्यूचे कारण श्वासाच्या विकारात दिसते, पण शेवटचा घाव रक्ताभिसरणावर बसतो.

छातीतली हवा ओळखायची कशी, याचे पहिले साधन पिंपांच्या तळघरातून आले असे सांगतात. ऑस्ट्रियन वैद्य लिओपोल्ड आउएनब्रुगर हा खाणावळ चालवणाऱ्याचा मुलगा. पिंपावर टिचकी मारून आतल्या मद्याची पातळी ओळखण्याची युक्ती त्याच्या परिचयाची होती. १७६१ मध्ये त्याने छातीवर बोटांनी ठोकून आवाजावरून निदान करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. द्रव साचला असेल तर आवाज बद्द येतो, हवा असेल तर ढोलासारखा घुमतो. पुढे १८०३ मध्ये फ्रान्समध्ये झाँ इटार याने ‘न्यूमोथोरॅक्स’ हा शब्द वापरला. १८१६ मध्ये स्टेथोस्कोप घडवणाऱ्या रने लाएनेकने १८१९ च्या आपल्या ग्रंथात या विकाराचे सविस्तर वर्णन केले. एका बाजूने छाती ठोकल्यावर घुमते, पण स्टेथोस्कोप लावला तर श्वासाचा आवाज येत नाही: ही जोडी आजही प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थी शिकतो.

उपायाची कल्पना मात्र याही आधीची. १७६७ मध्ये विल्यम ह्यूसन या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने छातीत हवा साचली असता छातीला छिद्र पाडून ती बाहेर काढावी, असा प्रस्ताव निबंधरूपाने मांडला. मोडक्या बरगडीने फुप्फुसाला जखम होते, तिच्यातून हवा गळून छातीत साचते आणि फुप्फुसाला दाबते, हे त्याने नेमके ओळखले होते. या कल्पनेचा मान कोणाचा, यावरून एडिंबराच्या अलेक्झांडर मन्रोशी त्याचा वादही झाला. १७७४ मध्ये शवविच्छेदन करताना झालेल्या जखमेतून संसर्ग होऊन, वयाच्या पस्तिशीच्या आतच, ह्यूसन मरण पावला. त्याचा विचार अचूक होता, पण तो रूढ झाला नाही. निर्जंतुकीकरण ठाऊक नव्हते, भूल नव्हती, आणि आतला दाब किती, हे कोणी मोजलेले नव्हते.

ते मोजमाप करण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न लिव्हरपूलच्या जेम्स कार्सन याने केला. मेलेल्या जनावरांच्या फुप्फुसांत आक्रसण्याची ओढ किती असते, हे त्याने पाण्याच्या स्तंभाने मोजले आणि १८२० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. फुप्फुसाच्या दुखण्याचा प्रश्न येथे प्रथमच लांबीच्या एककात उतरला. पाण्याचा हाच स्तंभ पुढच्या शतकभराच्या कथेत पुन्हा पुन्हा भेटतो.

छातीत हवेऐवजी पू साचला तर काय करावे, या प्रश्नाने या कथेला पुढचे वळण दिले. हिपोक्रेटसच्या परंपरेतील ग्रीक ग्रंथांत छाती उघडून पू थोडा थोडा रोज काढावा आणि मधल्या काळात जखम कापडाच्या बोळ्याने बंद ठेवावी, असे सांगितले होते. एकोणिसाव्या शतकातील शल्यचिकित्सकांना मात्र एकदाच मोठी वाट करून सारा पू काढून टाकण्याचा मोह होई. बरगडीचा तुकडा कापायचा, छाती मोकळी करायची. पू वाहून जाई. पण त्याच वाटेने बाहेरची हवा आत येई आणि फुप्फुस मिटे.

हॅम्बुर्गचे वैद्य गोटहार्ड ब्यूलाऊ यांनी १८७५ पासून वापरलेली आणि १८९१ मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत या कोंडीतून बाहेर काढणारी होती. छातीत एक नळी बसवायची आणि तिचे दुसरे टोक खाली ठेवलेल्या बाटलीतल्या पाण्यात बुडवून ठेवायचे. एवढेच. त्या बाटलीचे भौतिकशास्त्र न्याहाळण्यासारखे आहे. नळीचे टोक पाण्यात दोन सेंटिमीटर बुडालेले असेल, तर छातीतला दाब वातावरणापेक्षा दोन सेंटिमीटरांनी वाढताच हवा बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडते. रुग्णाने श्वास घेतला की छातीतला दाब घटतो; तेव्हा बाहेरची हवा आत येऊ शकत नाही, केवळ नळीतले पाणी काही सेंटिमीटर वर चढते. हलणारा एकही भाग नसलेली ही एकमार्गी झडप आहे. फुप्फुसाच्या जखमेने जी झडप उलट्या दिशेने बसवली होती, तिच्यासमोर ही सुलट झडप उभी राहते. बाटली छातीच्या बरीच खाली का ठेवायची, हेही यातच आले: जोराच्या श्वासानेसुद्धा पाणी छातीपर्यंत चढू नये. आणि बुडबुडे येत असताना नळीला चिमटा लावणे धोक्याचे का, तेही: वाट बंद केली की हवा पुन्हा कोंडू लागते.

ब्यूलाऊंची बाटली उपलब्ध असूनही तिचे मर्म सर्वांच्या ध्यानी आले नव्हते, हे १९१८ मध्ये भयानक रीतीने उघड झाले. पहिल्या महायुद्धासाठी अमेरिकेने उभारलेल्या लष्करी छावण्यांत गोवर आणि नंतर इन्फ्लुएन्झाची साथ आली. त्यामागोमाग स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूंचा न्यूमोनिया आला आणि हजारो तरुणांच्या छातीत पू साचू लागला. शल्यचिकित्सकांनी पाठ्यपुस्तकाप्रमाणे छाती उघडून पू काढला. या विकाराने छावण्यांत सरासरी ३० टक्के रुग्ण दगावले. काही छावण्यांत हे प्रमाण त्याहून कितीतरी अधिक होते. कारण शोधण्यासाठी सैन्याने ‘एम्पायेमा कमिशन’ नेमले. त्यात एव्हार्ट्स ग्रॅहम हे तरुण शल्यचिकित्सक होते.

ग्रॅहम आणि त्यांचे सहकारी रिचर्ड बेल यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून छातीतील दाब मोजले. पाठ्यपुस्तके असे धरून चालत की छातीच्या दोन बाजू म्हणजे मधल्या भिंतीने अलग केलेल्या दोन खोल्या. एकीचे दार उघडले तरी दुसरी सुरक्षित राहते. मापनांनी दाखवले की ती भिंत पडद्यासारखी हलते. एका बाजूला हवा शिरली की दाबाचा बदल दुसऱ्या बाजूलाही पोचतो आणि दोन्ही फुप्फुसे अडचणीत येतात. जुनाट रोगात पुवाभोवतीचे पदर चिकटून जाड झालेले असतात, तेव्हा पडदा घट्ट होतो आणि छाती उघडली तरी निभावते. परंतु छावण्यांतल्या रुग्णांचा रोग ताजा होता, पदर चिकटलेले नव्हते, न्यूमोनियाने श्वास आधीच अपुरा पडत होता. अशा वेळी छाती उघडणे म्हणजे बुडत्याच्या पायाला दगड बांधणे होते.

कमिशनने साधा नियम घातला. रोगाच्या तीव्र अवस्थेत पू काढावा, पण बाहेरची हवा आत येऊ देऊ नये: सुईने किंवा बंद नळीने. छाती उघडायचीच असेल तर नंतर, पदर चिकटल्यावर. हा नियम पाळल्यावर मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने उतरले. एका छावणीत ते पाच टक्क्यांच्याही खाली आले. नवे औषध सापडलेले नव्हते, पेनिसिलिन अजून दशकभर दूर होते. बदलले होते ते एका छिद्राचे स्वरूप.

याच सुमारास छातीतल्या हवेला अगदी उलट भूमिका मिळाली होती, आणि तिचा संबंध भारताशी येतो. फुप्फुस मिटवून त्याला विश्रांती दिली तर क्षयाची जखम भरून येईल, असा तर्क कार्सनने १८२० च्या दशकातच केला होता. इटलीच्या कार्लो फोर्लानिनी यांनी १८८२ मध्ये तो पुन्हा मांडला आणि पुढे प्रत्यक्षात आणला. सुईने मोजून हवा फुप्फुसावरणात सोडायची, ती हळूहळू शोषली गेली की पुन्हा भरायची, असे महिनोन् महिने. क्षयावर औषध नसलेल्या त्या काळात ही ‘कृत्रिम न्यूमोथोरॅक्स’ची पद्धत जगभर पसरली. आंध्रातील मदनपल्लीजवळ १९१५ मध्ये सुरू झालेले आरोग्यवरमचे आरोग्यधाम हे या उपचारांचे भारतातील एक प्रमुख केंद्र होते. तेथील पहिले प्रमुख ख्रिश्चन फ्रिमोट-मोलर हे डॅनिश वैद्य होते.

येथेही पाण्याचा स्तंभच वाट दाखवी. हवा सोडण्याआधी सुई पाण्याच्या दाबमापीला जोडत. श्वासाबरोबर पाणी शून्याच्या खालच्या बाजूला डोलू लागले, तर सुई नेमकी दोन पदरांच्या मध्ये पोचली असे समजे. पाणी डोलले नाही तर हवा सोडायची नाही. हवा भरतानाही दाब पाहत राहायचे. छातीत हवा असणे घातक नाही, तिचा दाब घातक आहे, हा धडा त्या पिढीच्या वैद्यांनी हजारो वेळा डोळ्यांनी पाहिला. फुप्फुस मिटलेली माणसे चालत होती, बोलत होती, जेवत होती. कारण त्यांच्या छातीतला दाब कोणीतरी मोजत होते.

त्या पर्वाची अखेर घडवण्यात मद्रासचा मोठा वाटा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांनी १९५६ मध्ये तेथे क्षयरोग केमोथेरपी केंद्र स्थापन केले. शहरातल्या गरीब रुग्णांची दोन गटांत विभागणी झाली: एकाला आरोग्यधामात, दुसऱ्याला स्वतःच्या घरी, पण दोघांना तीच औषधे वर्षभर. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दाटीवाटीच्या घरांत, अपुऱ्या आहारावर राहणारे रुग्णही आरोग्यधामातल्या रुग्णांइतकेच बरे होत होते, आणि त्यांच्या घरच्यांना क्षयाचा जादा धोका पोचत नव्हता. औषधांनी हे साधले, तेव्हा फुप्फुस मिटवण्याचे प्रयोजनच संपले. दाबमापीच्या बाटल्या माळ्यावर गेल्या. त्यांनी शिकवलेला दाबाचा धडा मात्र आता वेगळ्या जागी उपयोगी पडणार होता: युद्धभूमीवर आणि महामार्गांवर.

पाण्याच्या बाटलीची एक अडचण होती. ती उभी ठेवावी लागते, सांडते, फुटते. स्ट्रेचरवरून आणि हेलिकॉप्टरमधून नेताना ती सांभाळणे कठीण. अमेरिकन शल्यचिकित्सक हेन्री हाइमलिक यांनी १९६० च्या दशकात तिला पर्याय दिला. प्लास्टिकच्या पारदर्शक नळकांड्यात रबराची चपटी नळी. आतून हवा आली की रबराचे ओठ उघडतात, बाहेरून आली की मिटतात. मुलांच्या आवाज करणाऱ्या खेळण्यातील झडपेवरून ही कल्पना सुचल्याचे ते सांगत. दुसऱ्या महायुद्धात चीनमध्ये अमेरिकन नौदलाचे वैद्य म्हणून काम करताना छातीत गोळी लागलेला एक सैनिक त्यांच्या डोळ्यांसमोर दगावला होता, असेही त्यांनी नोंदवले आहे. व्हिएतनाम युद्धात ही तळहाताएवढी झडप जखमी सैनिकांच्या छातीला लावून त्यांना हलवता येऊ लागले. गळ्यात अडकलेला घास काढण्याच्या पद्धतीमुळे हाइमलिक यांचे नाव पुढे घरोघरी पोचले, पण त्यांची झडप त्याआधीची.

ब्यूलाऊंच्या बाटलीतले तत्त्व किती मूलभूत आहे, याची परीक्षा मे १९९५ मध्ये आकाशात झाली. हाँगकाँगहून लंडनला निघालेल्या विमानात एका प्रवासी महिलेला छातीत तीव्र वेदना आणि धाप सुरू झाली. विमानतळावर येताना ती दुचाकीवरून पडली होती आणि तिच्या बरगड्या मोडल्या होत्या. जमिनीवर लहान असलेला न्यूमोथोरॅक्स हवेत वाढला, यात बॉइलच्या नियमाची साक्ष होती. प्रवासी विमानाच्या केबिनमधील दाब सुमारे २,४०० मीटर उंचीवरच्या दाबाइतका उतरू शकतो, म्हणजे समुद्रसपाटीच्या तीन-चतुर्थांश. कोंडलेली हवा तेवढ्याने सुमारे एक-तृतीयांशाने फुगते. नॉटिंगहॅमचे अस्थिशल्यचिकित्सक अँगस वॉलेस आणि तरुण डॉक्टर टॉम वाँग त्याच विमानात होते. विमानाच्या औषधपेटीत स्थानिक भुलीचे औषध आणि लघवीसाठीची रबरी नळी होती. कपडे टांगण्याच्या तारेला सरळ करून त्यांनी नळीला आधार दिला, ब्रँडीने तार निर्जंतुक केली, पिण्याच्या पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला भोके पाडून नळीचे टोक पाण्यात बुडवले. बुडबुडे आले, आणि रुग्ण काही मिनिटांत सावरली. उरलेला प्रवास तिने सुखरूप केला. वॉलेस यांनी नंतर हा वृत्तांत ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिला.

लोकांच्या लक्षात राहिली ती कपड्यांची तार. वास्तविक त्या दोघांच्या डोक्यात जे होते ते महत्त्वाचे. तार नसती तर दुसरे काही सापडले असते. परंतु नळीचे टोक पाण्याखालीच का असावे लागते, हे ठाऊक नसते, तर त्यांनी छातीला केवळ एक भोक पाडले असते.

तातडीच्या सुईबाबत मात्र येथे एक शंका निघते. सुईला झडप नसते. मग ती घातल्याने बाहेरची हवा आत येऊन छावण्यांतली चूक पुन्हा घडत नाही का? उत्तर छिद्राच्या आकारात आहे. श्वासनलिकेच्या व्यासाच्या सुमारे दोन-तृतीयांशाहून मोठी जखम छातीला झाली, तर श्वास घेताना हवा नाकातोंडाऐवजी जखमेतून येणे पसंत करते. दोन मिलिमीटरच्या सुईतून तेवढी हवा येऊ शकत नाही. ती आतला जीवघेणा दाब बाहेरच्या दाबाशी समान करते, म्हणजे टेन्शन न्यूमोथोरॅक्सचे रूपांतर साध्या न्यूमोथोरॅक्समध्ये करते. हा उपचाराचा शेवट नव्हे. ती उसनी मिळालेली काही मिनिटे असतात. सुईमागोमाग नळी आणि झडप यायलाच हवी.

सुईबाबतचे ज्ञानही अजून घडतेच आहे. गळ्याच्या हाडाच्या मध्यबिंदूखाली, दुसऱ्या आणि तिसऱ्या बरगडीच्या मधल्या जागेत ती घालावी, असे अनेक दशके शिकवले गेले. सीटी स्कॅनवर छातीच्या भिंतीची जाडी मोजू लागल्यावर असे दिसले की नेहमीची पाच सेंटिमीटरची सुई तेथे पुष्कळदा आत पोचतच नाही. म्हणून आघातोपचारांच्या ‘एटीएलएस’ या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या २०१८ मधील दहाव्या आवृत्तीने प्रौढांसाठी जागा बदलली: काखेच्या मध्यरेषेच्या किंचित पुढे, चौथ्या किंवा पाचव्या बरगडीखालची मोकळी जागा. सुईही आठ सेंटिमीटरची हवी. लहान मुलांसाठी मात्र जुनीच जागा कायम राहिली. छाती उघडून पाहावी की नाही, हा १९१८ चा प्रश्न होता. आजचा प्रश्न तीन सेंटिमीटरांचा आहे.

आणि एक प्रश्न वेळेचा आहे. वैद्यकाच्या शिक्षणात असे सांगितले जाते की टेन्शन न्यूमोथोरॅक्सचा एक्स-रे काढलेला असणे हीच चूक होय. चित्र हाती येईपर्यंत रुग्ण हातचा जाऊ शकतो. धाप, कोसळणारा रक्तदाब, एका बाजूला न ऐकू येणारा श्वास आणि ठोकल्यावर घुमणारी छाती एवढ्यावर निर्णय घ्यावा लागतो. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णात तर यंत्रच हवा दाबाने आत ढकलत असते, त्यामुळे तेथे घसरण आणखी वेगाने होते. म्हणजे आउएनब्रुगरचे बोट आणि लाएनेकचा स्टेथोस्कोप स्कॅनरच्या युगातही निवृत्त झालेले नाहीत.

भारतात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा १५ ऑगस्ट २००५ रोजी हैदराबादेत सुरू झाली आणि पुढे अनेक राज्यांत पसरली. रुग्णवाहिका येऊ लागल्या, कायद्याने सोनेरी तास मानला, खर्चाची हमीही मिळाली. आता उरलेला दुवा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अवघड आहे. आठ सेंटिमीटरची सुई कोणत्याही तालुक्याच्या रुग्णालयाला परवडते. नळी परवडते, पाण्याने भरलेली बाटली परवडते. परंतु ती सुई केव्हा आणि कोठे घालायची हे जाणणारा, वारंवार सराव केलेला हात त्या रुग्णवाहिकेत किंवा महामार्गालगतच्या पहिल्या रुग्णालयात असला पाहिजे. ह्यूसनचे म्हणणे १७६७ मध्येही बरोबर होते. त्याच्यानंतर दीडशे वर्षे माणसे मरत राहिली, कारण जे एकाला कळले होते ते पुष्कळांना कळलेले नव्हते. देशाचे आघातोपचार किती पुढे गेले, हे मोजताना मोठ्या शहरांतील यंत्रे मोजावीतच. पण एखाद्या आडवळणाच्या प्राथमिक केंद्रात रात्री दोन वाजता जखमीची छाती ठोकून पाहणारे बोट आहे की नाही, हेही मोजावे. पाच सेंटिमीटर पाण्याच्या दाबाचे गणित तेथवर पोचले, तरच ते खरोखर सुटले असे म्हणता येईल.